वार ठरवा, मशीन नंतर घ्या

मागच्या अंकात आम्ही सांगलीतल्या आमच्या हॅकरस्पेसबद्दल, म्हणजे वस्तू उघडून बघायच्या आणि बनवायच्या सामायिक जागेबद्दल, थोडंसं लिहिलं होतं, माधवनगर रोडच्या एका जुन्या गोडाऊनच्या वरच्या खोलीत दर गुरुवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी काय काय चालतं ते, आणि शेवटी प्रश्न पाठवा म्हणलं होतं. पत्रं बरीच आली, सगळी इथं मावणार नाहीत, पण ज्यांची उत्तरं इतरांच्याही कामी येतील अशी निवडून घेतलीयत. पत्रं थोडी कापलीयत, अर्थ बदललेला नाही.

माझा मुलगा बारावीला आहे आणि दर रविवारी मिरजेहून तुमच्याकडं येतो. 'हॅकर' हा शब्द ऐकला आणि त्याच्या वडिलांनी जाणं बंद करायला सांगितलंय. तिथं मुलं नक्की काय करतात? – एक आई, मिरज

ताई, तुमची काळजी बरोबर आहे आणि हा शब्द आम्हालाही दर महिन्याला कुणाला तरी समजावून सांगावा लागतो. पेपरात हॅकर म्हणजे बँकेतले पैसे पळवणारा, पण मूळ शब्द तसा नाही, अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात १९५०-६० च्या काळात खेळण्यातल्या रेल्वेचा एक क्लब होता, त्यातली पोरं रुळाखालच्या वायरिंगमध्ये एखादी हुशार युक्ती केली की तिला 'हॅक' म्हणायची. वस्तू उघडून बघायची, समजून घ्यायची आणि तिच्याकडून नवीन काम करून घ्यायचं, हा तो जुना अर्थ. दुसऱ्याच्या खात्यात किंवा कॉम्प्युटरमध्ये परवानगीशिवाय घुसणं हा २००० सालच्या आयटी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि आमच्याकडं कुणी "मैत्रिणीचं इन्स्टा उघडून द्या" असं विचारलं तर त्याला त्याच दिवशी खाली पोचवून येतो, यात चेष्टा चालत नाही.

आता तुमचा मुलगा काय करतोय ते सांगतो. तो मिरजेचा असल्यामुळं तानपुऱ्याच्या मागं लागलाय. लॅपटॉपला एक साधा माईक लावून तार छेडली की आवाजात कुठल्या कुठल्या फ्रिक्वेन्सी आहेत त्याचा आलेख पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम त्यानं लिहिलाय. एखादी तार समजा १३० हर्ट्झला लावली तर आलेखात १३०, मग २६०, मग ३९० असे खांब उभे राहतात. मागच्या महिन्यात आम्ही मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या एका बुजुर्ग कारागिरांना गुरुवारच्या बैठकीला बोलावलं होतं, ते घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर) जवारी, म्हणजे तारेचा भरीव झंकार, काढत होते आणि पोरं पडद्याकडं बघत होती. तारेखालचा दोरा काढला की वरचे खांब लगेच विझायचे आणि त्यांनी तोच दोरा केसभर सरकवून जागेवर आणला की वरचे सात-आठ खांब एकदम उभे राहून बराच वेळ टिकायचे. ते तर पडद्याकडं बघतही नव्हते, कानानं तिथंच थांबायचे जिथं आलेख सगळ्यात भरलेला दिसायचा. खोलीत पंचवीसेक माणसं होती आणि कुणी बोलत नव्हतं. तुमचा मुलगा आता त्यांच्याकडं शनिवारी जाऊन रेकॉर्डिंग करतो, त्यांच्या परवानगीनं. त्याच्या वडिलांना घेऊन कुठल्याही रविवारी या, आधी सांगायची गरज नाही, चहा तयारच असतो.

आम्ही कराडचे चार इंजिनिअरिंगचे मित्र आहोत, असंच काहीतरी कराडला चालू करायचंय. थ्रीडी प्रिंटर आणि लेझर कटरसाठी पैसे कसे उभे करावेत?

मित्रांनो, पैसे उभे करू नका. म्हणजे आत्ता नको. आधी वार ठरवा.

हे मी अगदी मनापासून सांगतोय कारण आम्ही उलटं केलं होतं. पहिल्या सहा महिन्यांत वर्गणी काढून थ्रीडी प्रिंटर घेतला, कौतुकानं पेढे वाटले, आणि मग पाच-सहा जण त्याच्याभोवती बसून गणपती आणि मोबाईल स्टँड छापत बसायचे, बाकीचे बघून निघून जायचे, आणि एकदा नोझल तुंबलं तर दोन महिने कुणी फिरकलंच नाही. माणसं परत यायला लागली ती तेव्हा जेव्हा आम्ही ठरवलं की काहीही होवो, दर गुरुवारी सात वाजता खोली उघडी असेल. पाऊस असो, परीक्षा असो, एकटाच आलो तरी दिवा लावून बसायचं. दोन-तीन गुरुवार मी खरंच एकटा बसलोय.

जगभरातल्या लोकांचा अनुभवही बघून ठेवा. बर्लिनचं सी-बेस हे हॅकरस्पेस १९९५ पासून चालू आहे, व्हिएन्नाचं मेटालॅब २००६ चं. जर्मन मंडळींनी २००७ साली हॅकरस्पेस कसं उभं करावं याचे 'पॅटर्न' लिहून काढले, त्यातला एक माझा आवडता आहे, की कुठलाही वार कुणालातरी गैरसोयीचा असतोच म्हणून वाद न घालता मंगळवारी भेटा. आम्ही फक्त मंगळवारचा गुरुवार केला, कारण मंगळवारी आमची निम्मी मंडळी गणपती मंदिरात असतात. त्याच पॅटर्नमध्ये असंही लिहिलंय की आधी जागा, वीज, इंटरनेट अशी सगळी व्यवस्था उभी करा, प्रोजेक्ट आपोआप येतील. इथं मात्र माझं मत वेगळं आहे. आपल्याकडं चार पोरांच्या खिशावर भाडं आणि मशीनचा हप्ता पडला की पहिल्या तीन महिन्यांतच भांडणं होतात, आणि भांडण झालं की जागा राहते पण माणसं जातात.

सुरुवातीला एवढं पुरतं: दोन मोठी टेबलं, तापमान कमी-जास्त करता येणारी एक बरी सोल्डरिंग गन, एक मल्टीमीटर, स्क्रू-ड्रायव्हरचा चांगला सेट, दोन-तीन आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारे छोटे बोर्ड) आणि भंगारवाल्याकडून आणलेले जुने प्रिंटर नि सीडी ड्राइव्ह, त्यात मोटारी, शाफ्ट, स्प्रिंग सगळं फुकट मिळतं. सगळं मिळून एका बऱ्यापैकी मोबाईलच्या किमतीत बसतं. जागा कुणाच्या तरी घराचा वरचा मजला, वाचनालयाची खोली, तालीम, काहीही चालेल. वर्गणी सगळ्यांना सारखी ठेवा आणि हिशोबाची वही टेबलावर उघडी ठेवा, कपाटात नाही.

आणि एकदा चौघं मिळून पाबळला जाऊन या. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, आणि एमआयटीनं आपली फॅब लॅब (कुणालाही येऊन वस्तू बनवता येईल अशी यंत्रांची कार्यशाळा) पहिल्यांदा अमेरिकेबाहेर काढली ती २००२ साली तिथंच, एका खेड्यात. हे आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजमधल्या कितीतरी पोरांना माहीतच नसतं याचं मला फार वाईट वाटतं. तुम्ही तर ओगलेवाडीच्या शेजारी राहता, जिथला प्रभाकर कंदील घराघरात होता. बनवणं आपल्याकडं नवीन नाही.

माझं वय ६८. चाळीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्ती केली, आता दुकान बंद आहे. तुमची पोरं कॉम्प्युटरवाली, मला त्यातलं काही येत नाही. मी येऊन काय करू? – एक जुने मेकॅनिक, खणभाग

काका, तुमचं पत्र आम्ही बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवलं आणि दोघंजण लगेच म्हणाले की घरचा पत्ता द्या, आणायला जातो.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्याकडं दुरुस्ती दिवस असतो. ही कल्पना आमची नाही, मार्टिने पोस्टमा नावाच्या बाईंनी २००९ मध्ये ॲमस्टरडॅमला पहिला 'रिपेअर कॅफे' भरवला, आणि आता कितीतरी देशांत लोक असं बसतात. बंद पडलेली वस्तू घेऊन या, आम्ही मिळून उघडू, पैसे नाहीत, पार्ट लागला तर त्याची किंमत फक्त. एकच अट आहे, वस्तू ठेवून जायचं नाही, मालकानं शेजारी बसायचं आणि स्क्रू स्वतः काढायचे. या अटीवर सुरुवातीला लोक नाराज झाले, "मी काय मेकॅनिक आहे का" म्हणून एक बाई मिक्सर घेऊन परत निघाल्या होत्या, त्यांना कसंबसं बसवलं, मिक्सर उलटा केला तर खालचं लाल बटण बाहेर आलेलं, ओव्हरलोडचं. दाबलं आणि चालू झाला. त्या बाई आता दर महिन्याला येतात आणि नवीन माणूस मिक्सर घेऊन आला की आधी त्याच मिक्सर उलटा करून बघतात.

येतं काय तर मिक्सर (कार्बन झिजलेले नाहीतर कपलर तुटलेला), हळू फिरणारे पंखे, इस्त्री, एलईडी बल्ब, इमर्जन्सी लाईट, कुणाचा तरी आजोबांचा ट्रान्झिस्टर. पंख्यांचं तर दहातल्या सातांचं दुखणं एकच, अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर उतरलेला, पन्नास-साठ रुपयांत पंखा पुन्हा जोरात. पोरांना कोड लिहिता येतो पण बंद सेट समोर आला की आधी सप्लाय तपासायचा, मग एकेक टप्पा पुढं जायचं, ही तुमची सवय त्यांच्याकडं नाही, ती डायरेक्ट नवीन बोर्ड मागवायला बसतात. ते तुमच्याकडून पाहिजे आम्हाला. दुसरं म्हणजे भीती. २३० व्होल्टची भीती कशी बाळगायची हे व्हिडिओ बघून येत नाही. आमचा नियम आहे की मेन्स लाईनवर एकट्यानं काम करायचं नाही, मायक्रोवेव्ह ओव्हन उघडायचाच नाही कारण त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीव घेऊ शकतो, पण नियम भिंतीवर लावणं वेगळं आणि शेजारी बसून "हात खिशात घाल, एका हातानं मोज" असं सांगणारा माणूस असणं वेगळं.

एक विनंती आहे. दुरुस्त झालेल्या प्रत्येक वस्तूची आम्ही वहीत नोंद करतो, लक्षण काय, निघालं काय, पार्ट कुठला. तुम्ही सांगाल तसं एक मुलगी लिहून घेईल. चाळीस वर्षांचं डोक्यात आहे ते उतरलं पाहिजे, लवकर.

मी डिप्लोमाला आहे, एकदा तुमच्याकडं येऊन गेले. सगळी मुलंच होती आणि मी हातात सोल्डर गन घेतली की कुणीतरी "दे मी करतो" म्हणायचं. परत यावंसं वाटलं नाही. – एक विद्यार्थिनी, विश्रामबाग

चूक आमची आहे. तुमचं पत्र आल्यावर आम्ही नियम केलाय की ज्याचं प्रोजेक्ट त्याच्याच हातात हत्यार, मागितल्याशिवाय कुणी हात घालायचा नाही, शिकवायचं असेल तर तोंडानं शिकवायचं. रविवारची सकाळची वेळ तर याआधीच चालू केलीय, कारण गुरुवारी रात्री साडेनऊला सुटल्यावर घरी जाणं मुलींना अवघड पडतं हे आमच्या लक्षात आधी यायला पाहिजे होतं. सध्या रविवारी किल्ली एका ताईंकडं असते, त्या कुपवाड एमआयडीसीत सीएनसीवर (कॉम्प्युटरनं चालणाऱ्या मशीनवर) काम करतात. एकदा परत येऊन बघा, मैत्रिणीला घेऊन आलात तर अजून चांगलं.

बेदाणा शेडमध्ये तापमान आणि आर्द्रता बघायला डीएचटी-२२ सेन्सर आणि ईएसपी (वायफायवाला छोटा) बोर्ड बसवला. आठवडाभर बरा चालला, आता रात्रंदिवस ९९ टक्केच दाखवतो. सेन्सर डुप्लिकेट आहे का? – एक द्राक्ष बागायतदार, तासगाव तालुका

दादा, डुप्लिकेट असेलही, पण आधी त्याच्यावर पाणी साचलं का ते बघा. या सेन्सरमध्ये ओलावा शोषणारा पातळ थर असतो, त्यावर दव बसलं किंवा डिपिंगच्या (द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून मारायच्या द्रावणाच्या) फवारणीचे थेंब उडाले की तो ९९ ला जाऊन अडकतो, आणि त्या थेंबात कार्बोनेट आणि डिपिंग ऑईल असल्यानं पाणी वाळलं तरी तो थर साफ होत नाही. दुसरं, पिवळ्या बेदाण्यासाठी गंधकाची धुरी देत असाल तर त्या धुरात सेन्सर ठेवूच नका, गंधकाचा वायू आणि ओलावा मिळून ॲसिड होतं आणि सेन्सरचे तांब्याचे पाय हिरवे पडून कुजतात. धुरीच्या वेळी काढून डब्यात ठेवायचा.

सेन्सर खरा की खोटा हे घरच्या मिठावर कळतं. बाटलीच्या टोपणात साधं मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, मीठ विरघळून जाता कामा नये. ते टोपण आणि सेन्सर एका घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, मिठाला सेन्सर टेकू देऊ नका, वायर बाहेर काढून फट चिकटपट्टीनं बंद करा आणि रात्रभर घरातच राहू द्या. घट्ट मिठाच्या वरच्या हवेत आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, खोलीचं तापमान थोडं इकडं तिकडं झालं तरी. सकाळी सेन्सर ७३ ते ७७ दाखवत असेल तर तो चांगला आहे, ८५ दाखवत असेल तर दहा वजा करून काही दिवस चालेल, आणि ९९ च दाखवत असेल तर नवीन घ्या. आम्ही आणलेला प्रत्येक सेन्सर आता या मिठाच्या डब्यातून जातो.

नवीन बसवताना रॅकच्या मधल्या थराला, फवारणीच्या उंचीपासून लांब, वरून प्लेटची टोपी करून लावा, म्हणजे ऊन आणि थेंब दोन्ही लागणार नाहीत पण हवा खेळेल. घरापासून शेड लांब असेल आणि वायफाय पोचत नसेल तर लोरा (थोड्या विजेत लांबवर आकडे पाठवणारा रेडिओ) मोड्युल वापरा, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडं परवान्याशिवाय वापरता येतो, मोकळ्या रानात ते आरामात पोचतं, फक्त घेताना त्याच पट्ट्याचं मोड्युल बघून घ्या. आणि माझी खरी इच्छा अशी की तुमच्या शेडचे पंधरा दिवसांचे आकडे आणि त्या लॉटला आलेला रंग, दोन्ही वहीत लिहून आमच्याकडं आणा. तुमच्या भागातले अजून दोन बागायतदार हेच करतायत. अवकाळी पावसाच्या रात्री शेडचे पडदे किती वाजता पाडले तर फरक पडला, हे तिघांच्या वह्या शेजारी ठेवल्यावरच कळेल.

१६ बाय २ च्या (सोळा अक्षरांच्या दोन ओळींच्या) एलसीडीवर मराठी अक्षरं येतील का?

सरळ येत नाहीत. त्या डिस्प्लेच्या चिपमध्ये स्वतःची अशी फक्त आठच अक्षरं बनवता येतात, तीही ५ बाय ८ ठिपक्यांची, त्यात जोडाक्षर आणि वेलांटी बसत नाही. १२८ बाय ६४ ठिपक्यांचा छोटा ओलेड डिस्प्ले घ्या आणि शब्दांची चित्रं करून दाखवा. कोडमधल्या टिपा मात्र बिनधास्त मराठीत लिहा, आमच्याकडं तसंच लिहितात.

आम्ही नदीकाठी राहतो. २०१९ ला पाणी घरात आलं, २०२१ ला पुन्हा. गल्लीच्या खांबावर सेन्सर लावून मोबाईलवर अलर्ट येईल असं काही तुमच्या सभासदांनी केलंय का? – सांगलीवाडी

केलंय, आणि त्यातून जे शिकलो ते सगळं सांगतो.

पहिला प्रयत्न अल्ट्रासॉनिक सेन्सरचा, जो आवाज खाली सोडून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. स्वस्तातला एचसी-एसआर०४ पावसात टिकला नाही, तो उघडाच असतो. मग जलरोधक घेतला, तर त्याला वीस-पंचवीस सेंटीमीटरच्या आतलं दिसत नाही, म्हणजे पाणी अगदी जवळ आलं की तो खोटं बोलतो, नेमकं नको तेव्हा. शिवाय आवाजाचा वेग तापमानाबरोबर बदलतो, २० डिग्रीला सेकंदाला ३४३ मीटर आणि पुढं दर डिग्रीला साधारण ०.६ मीटरनं वाढतो, ते कोडमध्ये धरलं नाही तर उन्हाळ्यात केलेली चाचणी आणि पावसाळ्यातलं मोजमाप यात चार मीटरवर दहा सेंटीमीटरपर्यंत सहज फरक पडतो. हे सगळं सुटलं. न सुटलेली गोष्ट ही की पूर आला की आधी लाईट जाते, मग मोबाईलचे टॉवर जातात, आणि ज्या रात्री अलर्ट हवा त्याच रात्री तो पोचत नाही. म्हणून ताई-दादा, जीव त्या सेन्सरवर ठेवू नका. कृष्णेवरच्या इर्विन पुलाची पातळी, ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका, आणि कोयनेतून किती सोडलंय, हे प्रशासनाकडून येतं तेच धरायचं. बाहेर पडा म्हणले की पडायचं.

पण या प्रोजेक्टमधून एक दुसरंच काम निघालं, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं. सांगलीत प्रत्येक गल्लीच्या म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ असतं की इर्विनला इतके फूट झाले की आपल्या कोपऱ्यावर पाणी आणि इतके झाले की पायरीला. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं आणि तोंडपाठ असलेलं सगळं मागं पडलं, पण घराघराच्या भिंतीवर ओल कुठवर आली त्याची खूण राहिली, काहींनी ऑइलपेंटनं रेघ मारून तारीख लिहून ठेवलीय, २००५ ची खाली, २०१९ ची वर. आमचे सहा सभासद रविवारी वही आणि पाण्याची लेव्हल ट्यूब घेऊन फिरतात, हो, तीच गवंड्याची पारदर्शक नळी, तिच्यापेक्षा स्वस्त आणि खरं साधन नाही, आणि एका घराची खूण दुसऱ्या घराच्या पायरीशी जुळवून ओपनस्ट्रीटमॅपच्या (लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत) नकाशावर आमच्या वेगळ्या थरात मांडतात. गावभागातल्या काही गल्ल्या झाल्यात. पेठेत रंग मारताना खुणा पुसल्या जातायत, म्हणून घाई आहे. नकाशा कागदावर छापून गल्लीच्या मंडळात लावायचा, लाईट गेली तरी भिंतीवर राहील असा.

सांगलीवाडी अजून बाकी आहे. तुमच्या गल्लीत कुणाकडं २००५ ची रेघ शिल्लक असेल तर तिच्यावर रंग मारू देऊ नका, आम्ही येत्या रविवारी सकाळी नऊला नदीच्या बाजूनं सुरुवात करतोय, तुमच्या पायरीपाशी नळीचं दुसरं टोक धरायला एक माणूस लागेल.